शेजारणीचा गोळा मी परत कणकेत मळला : 'खला' वेगळी काढणं म्हणजे नेमकं काय?

पापुद्रा

नमस्कार मंडळी. इस्रायलमध्ये रेहोवोतला येऊन दीड वर्ष झालं. नवरा वाइझमन संस्थेत पोस्टडॉक, मी सध्या घरी, लेक दोन वर्षांची. समोरच्या दारात एक आजी राहतात, माहेर मोरोक्कोचं. दर गुरुवारी संध्याकाळी त्या शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचे, पाव करतात. शेंडीसारखे विणलेले, वर तीळ लावलेले. गेल्या गुरुवारी त्यांचा मनगटाचा सांधा दुखत होता म्हणून मी मळायला गेले.

अडीच किलो मैदा. प्लास्टिकचा पसरट टब, त्यात यीस्ट, साखर, तेल, मीठ. मी बाह्या सरसावून चांगलं वीस मिनिटं मळलं. मग आजींनी डोक्याला रुमाल बांधला, गल्ल्यात एक नाणं टाकलं, त्या मोठ्या गोळ्यातून लिंबाएवढा लचका तोडला, काहीतरी म्हणाल्या आणि तो उंच धरला. त्यानंतर डोळे मिटून माणसांची नावं घेत बसल्या. अमकीचा अमका, तमकीची तमकी. बापाचं नाव नाही, आईचं. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आईच्या नावानेच करायची असते म्हणे. पाच-सात मिनिटं चाललं. माझ्या लेकीलाही हलका खोकला होता, तर शेवटी माझं नाव घेऊन तिचंही नाव घेतलं. मला भरूनच आलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या. मी ओटा आवरायला घेतला. फॉइलच्या तुकड्यावर तो लचका पडलेला. आमच्याकडे कणकेचा कण वाया घालवलेला आईला खपत नसे. उचलला, मोठ्या गोळ्यात दाबला, दोन हात मारले, वर फडकं टाकलं.

आजी परत आल्या, फॉइल बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, फोन लावला. रब्बींनी विचारलं, गोळा केवढा होता आणि कणीक किती होती. मग आजोबा, त्यांचा मुलगा आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ असे तिघे ओट्याशी बसले. आजींना म्हणाले, "असं होणार हे आधी माहीत असतं, तर तू त्या गोळ्याचं नाव घेतलं असतंस का?" आजी म्हणाल्या, "नाही." तिघे म्हणाले, "मुतार लाख, मुतार लाख, मुतार लाख." म्हणजे तुला मोकळीक आहे. आणि आजींनी पुन्हा नवा लचका काढला.

मी तोवर भिंतीला टेकून उभी, कानशिलं तापलेली. मी नक्की काय मोडलं होतं? आणि तीन माणसांनी तीनदा बोलून ते जुळलं कसं? आजींचं इंग्रजी आणि माझं हिब्रू, दोन्ही भाजीबाजारापुरतं. इथे कुणी जाणकार आहे का?

टवाळ

शीर्षकात 'खला' वाचून खलबत्त्याचा धागा समजून आलो. असो, बसतो आता. ते तीन माणसांचं न्यायालय वाचून हसून हसून पुरेवाट, पण शेवटी मजा वाटेनाशी झाली.

रेवदंड्याची_लेक

पापुद्रा, मी अश्दोदला असते. जन्म ठाण्याचा, घराणं रेवदंड्याकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. बाळ, तू काही पाप केलं नाहीस, आधी कानशिलं थंड कर.

मुळापासून सांगते. तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, गणना पुस्तकाच्या १५व्या अध्यायात, १७ ते २१ ओव्यांत हुकूम आहे. मी नेतो त्या देशात तुम्ही याल, तिथली भाकर खाल, तेव्हा तुमच्या मळलेल्या पिठातला पहिला भाग परमेश्वरासाठी उचलून ठेवा. तो भाग म्हणजे खला. विणलेल्या पावाला जे खला म्हणतात ते नाव युरोपातल्या अश्केनाझी लोकांकडून पुढे रूढ झालं. मूळ खला म्हणजे तू परत दाबलास तो लचका.

हा लचका कोहेनाला, म्हणजे याजकाला द्यायचा. कोहेनांना शेतजमीन नव्हती, त्यांचं पोट अशा वाट्यांवर चालायचं. किती द्यायचा ते तोराने सांगितलं नाही. मिश्नाने, म्हणजे शास्त्र्यांच्या जुन्या नियमसंग्रहाने, सांगितलं : घरच्या कणकेतून चोविसावा भाग, पाव विकणाऱ्याने अठ्ठेचाळिसावा. बाई बाजारासाठी भाजत असेल तर तिलाही अठ्ठेचाळिसावाच. घरच्या लग्नाचं भाजत असेल तर मात्र चोविसावा, मग कणीक कितीही असो.

आता कोहेन खातो का? नाही. खला खायची तर कोहेनही शुद्ध हवा आणि कणीकही. ती शुद्धी मिळवण्याचा विधी यरुशलेमच्या मंदिराशी बांधलेला, आणि मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं. म्हणून आज कुणीच खात नाही. जैतुनाच्या फळाएवढा लचका काढतात आणि जाळतात. काही जणी दुहेरी गुंडाळून केरात ठेवतात. पण खायचा नाही म्हणजे नाही.

आणि लचका काढेपर्यंत उरलेली सगळी कणीक 'तेवेल' असते. तिला हात लावता येतो, मळता येते, भाजताही येते, खाता येत नाही. तू गोळा परत दाबलास तेव्हा खायची कणीक आणि न खायचा भाग एक झाला. आजी खुर्चीत बसल्या त्या म्हणून.

हिशेबनीस

रब्बींनी आकार आणि वजन का विचारलं, ते मी सांगू शकतो. आमच्या टीममध्ये एक तेल अवीवचा गडी आहे, त्याच्याशी यावर दोन जेवणं भांडलोय.

पवित्र वाटा साध्या अन्नात पडला तर त्याच्या शंभरपट साधं अन्न हवं, म्हणजे एकूण १०१ भागांत तो एक. तेवढं असेल तर तो विरून गेला असं धरतात. तुमचा हिशेब : मैदा अडीच किलो, पाणी सव्वा लिटरच्या आसपास, तेल-साखर-यीस्ट मिळून चारेकशे ग्रॅम. कणीक झाली चार किलोच्या थोडी वर. भागिले १०१, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. गोळा ४० ग्रॅमच्या आत असता तर कदाचित फोनवरच काम झालं असतं. तुम्ही म्हणता लिंबाएवढा, तो ६० तरी भरणार. नापास.

दुसरं गणित त्याहून देखणं आहे. मुळात किती कणकेला हा नियम लागतो? जुन्या शास्त्र्यांपैकी शम्माई म्हणाले एक काव (धान्याचं जुनं माप), हिल्लेल म्हणाले दोन काव, बाकीच्या शास्त्र्यांनी दोघांचंही ऐकलं नाही. ठरलं ते माप ४३ अंडी आणि एका अंड्याचा पाचवा हिस्सा, एवढ्या आकारमानाचं पीठ. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो. खला लिहायला लागतात खेत, लामेद आणि हे. ८ अधिक ३० अधिक ५, बरोबर ४३. पाचव्या हिश्श्यासाठी शेवटचं 'हे' पुन्हा वापरतात, त्याची किंमत ५. आजच्या मापात साधारण १.२ किलोच्या पुढे लचका काढतात पण आशीर्वचन म्हणत नाहीत, आणि १.६७ किलोच्या आसपास पोचलं की म्हणतात. ग्रॅमवरून पंथापंथांत थोडाफार फरक आहे.

निरीश्वर

माहितीबद्दल धन्यवाद, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. अन्न जाळायचं. ज्याला द्यायचं तो खाऊ शकत नाही, ज्याच्यासाठी मंदिर होतं ते नाही, तरी दोन हजार वर्षं दर आठवड्याला थोडी कणीक जाळत राहायचं. यात अध्यात्म कुठे आलं? ही निव्वळ सवय आहे. आणि मिश्नातच, शब्बाथवरच्या भागात लिहिलंय की खला, दिवे आणि मासिक पाळीचे नियम नीट न पाळणाऱ्या बायका बाळंतपणात मरतात. ते सांगायचं राहिलं वाटतं.

रेवदंड्याची_लेक

राहिलं नाही, टाळलं. लिहिलंय ते खरंच आहे. मला ती ओळ कधी आवडली नाही. माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली आणि कुणीतरी शहाणी मला ही ओळ ऐकवायला आली होती. तिला मी चहा दिला नाही.

जुनी_पोथी

काकू, ते वाचून पुढे काय लिहावं ते सुचेना. तरी त्या ओळीच्या शेजारची एक गोष्ट सांगते, कारण दोन्ही एकाच घरातल्या आहेत. (मी धर्माभ्यासाच्या वर्गात मिश्ना भाषांतरातून वाचली आहे, हिब्रू पंडित नव्हे.)

यरुशलेमी तालमूद, म्हणजे मिश्नावरची शास्त्र्यांची चर्चा, त्या ओळीचं कारण देताना आदामाकडे जातो : आदाम हा जगाची शुद्ध खला होता. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आधी धुकं वर येऊन जमीन भिजवतं आणि मग परमेश्वर मातीतून माणूस घडवतो. शास्त्री म्हणतात, बाई पिठात पाणी घालून मळते आणि मग लचका उचलते, अगदी तसं. म्हणजे सगळी पृथ्वी ही भिजवलेली कणीक आणि माणूस हा तिच्यातून उचललेला पहिला गोळा. मग पुढे येतं की हव्वेमुळे आदामाला मरण आलं, म्हणून भरपाई बाईकडे. हा शेवट मलाही पटत नाही. पण त्याआधीचं चित्र मात्र डोक्यातून जात नाही. माणसाला देवाने मळलं असं म्हणणारी गोष्ट, आणि तीच कृती दर गुरुवारी कुणा आजीच्या टबात.

हव्वेवरून आलेली भरपाई एक, पण अब्राहामाच्या बायकोची, साराचीही एक गोष्ट आहे. मिद्राश (धर्मग्रंथावरचं कथारूप भाष्य) म्हणतो, सारा जिवंत होती तोवर तिच्या तंबूत शब्बाथचा दिवा पुढच्या शब्बाथपर्यंत जळत असे आणि तिच्या कणकेत बरकत असे. ती गेली तसं थांबलं. रिबेका सून म्हणून आली आणि परत सुरू झालं. बायका खला काढताना साराचं नाव काढतात ते यामुळे.

आता निरीश्वर यांच्या प्रश्नाकडे. आपल्याकडचं पहिलं उत्तर असेल : हे चित्राहुतीसारखंच की. किंवा गोग्रास, काकबळी. मीही आधी तसंच समजत होते. पण फरक बघा. नैवेद्य दाखवला की तो प्रसाद होऊन आपल्याच ताटात येतो, गोग्रास गाय खाते, काकबळीला कावळा शिवतो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी खातं आणि खाल्लं की आपल्याला बरं वाटतं. खलेचं तसं नाही. ती परत येत नाही आणि कुणाच्या पोटातही जात नाही. घेणारा उठून गेलाय आणि त्याचं पान मात्र मांडलेलं आहे.

टवाळ

आमच्याकडे आजोबा गेल्यावर आजी वर्षभर त्यांचं पान मांडायची. इथे याच्याहून जास्त टवाळी जमणार नाही.

पापुद्रा

जुनी_पोथी, 'मळणं' वाचून आठवलं. आमची आई कणीक भिजवून ठेवली की वर चार बोटं उमटवायची, नाहीतर पिंड दिसतो म्हणायची. कणकेचा गुळगुळीत गोळा म्हणजे आपल्या मनात थेट मेलेल्या माणसाचं अन्न. आणि इथे त्याच गोळ्यातून जिवंत माणूस. मी त्या दिवशीही न कळत बोटं उमटवली होती. आजींनी विचारलं हे काय. मला सांगता आलं नाही.

अजून एक. लेकीच्या पाळणाघरात पाळण्याला 'अरिसा' म्हणतात. परवा आजींनी त्या ओव्या वाचून दाखवल्या, त्यात 'रेशीत अरिसोतेखेम' असं ऐकू आलं. तोच शब्द का?

रेवदंड्याची_लेक

तोच. जुन्या हिब्रूत तिथे अर्थ मळलेलं पीठ, आजच्या हिब्रूत अरिसा म्हणजे पाळणा. त्यावरून प्रवचनकार सांगतात की 'तुमच्या अंथरुणाचा पहिला भाग', म्हणजे सकाळी डोळा उघडल्यावरचा पहिला क्षण, तो देवाचा. मला हे जरा ओढूनताणून वाटतं, पण नातवंडांना उठवताना उपयोगी पडतं.

मला स्वतःला जवळचं वाटतं ते वेगळंच. वाटा कधी काढायचा, तर पीठ आणि पाणी एकजीव झाल्यावर. त्याआधी नाही. शेतातल्या धान्यातून याजकाचा, लेवींचा (मंदिरातल्या सेवकांचा) वाटा आधीच निघालेला असतो. देवाने पाऊस पाडला, पीक आलं, त्याचा हिशेब तिथे मिटला. मग दळलं कुणी? चाळलं कुणी? मळलं कुणी? मी. आता तरी हे माझं आहे असं म्हणायची पाळी आली की नेमकं तेव्हा हात आत घालायचा आणि एक लचका बाहेर.

आणि हिशेबनीस, तुमच्या ४३ अंड्यांत एक गोष्ट राहिली. ते माप म्हणजे एक ओमेर. मिसरमधून निघाल्यावर आमच्या पूर्वजांना रानात चाळीस वर्षं मान्ना मिळत होता तेव्हा माणशी रोज एवढाच, एक ओमेर. त्यांना अन्न आकाशातून आयतं मिळत होतं. 'देशात याल तेव्हा' हा हुकूम त्यांना दिलाय. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एका माणसाचं एका दिवसाचं अन्न मळाल, तिथून खला लागू.

हिशेबनीस

काकू, हे मला त्या गड्याने सांगितलं नव्हतं. उद्या त्याला जेवताना ऐकवणार.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सिनॅगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, हॉलमध्ये नेलं होतं. दीडशे बायका, लांबच लांब टेबलं, प्रत्येकीला एप्रन आणि मोजून दिलेला मैदा, मागे गाणी. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे प्रमुख रब्बी वॉरन गोल्डस्टीन यांनी शब्बाथचा मोठा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून गुरुवारी रात्री एकत्र पाव मळायची अशी संमेलनं जगभर पसरली. मजा आली. पण गंमत अशी की माझ्या वाट्याचा मैदा जेमतेम अर्धा किलो. म्हणजे हिशेबनीस म्हणतात त्या मापाने आमच्यापैकी कुणाच्याच कणकेला खला लागू नव्हती! रब्बींच्या बायकोने पुढे एक मोठी परात मळली होती, तिच्यातून लचका काढला आणि आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं.

भारताबाहेर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'देशाबाहेर', ही खला तोराच्या हुकुमाने नाही, शास्त्र्यांच्या नियमाने काढतात. पद्धत विसरली जाऊ नये म्हणून.

टवाळ

भारताबाहेर की इस्रायलबाहेर?

एडिसनकर

इस्रायलबाहेर. वीस वर्षं झाली तरी 'बाहेर' म्हटलं की आधी भारतच येतो बोटांवर.

रेवदंड्याची_लेक

ती संमेलनं इथेही फार. चाळीस बायकांनी एकाच आठवड्यात एकीच्या नावाने खला काढली की तिचं लग्न ठरतं, मूल होतं, आजार उतरतो. मला व्हॉट्सअॅपवर महिन्याला तीन याद्या येतात. मी नाव घेते, कारण कुणाच्या तरी लेकीचं नाव असतं. पण देवाशी सौदा करायला लचका काढायचा नसतो. यहेज्केल संदेष्टा म्हणतो खरा, पहिली कणीक याजकाला द्या म्हणजे तुमच्या घरावर आशीर्वाद उतरेल. घरावर म्हणतो. यादीतल्या कामावर नाही.

अष्टागर

वरातीमागून घोडं, पण कोकणातला प्रश्न. काकू, अलिबागकडे तुमच्या लोकांच्या घरी तांदळाची भाकरी. त्यातून खला काढत का?

रेवदंड्याची_लेक

नाही, आणि काढायची नसतेच. खला पाच धान्यांना : गहू, सातू, राय, ओट आणि गव्हाचाच जुना भाऊ स्पेल्ट. मिश्ना तांदळाचं नाव घेऊन सांगते की तो मोकळा. पण तांदळात गव्हाचं पीठ मिसळलं आणि गव्हाची चव लागली, तर लागू. मला हे चवीवर सोडलेलं फार आवडतं.

आमच्या आजीकडे शब्बाथला चपात्या असत. सात माणसांची कणीक, किलोभर असेल नसेल, म्हणजे मापाच्या आत. तिने आयुष्यात कितीदा खला काढली असेल कोण जाणे. ठाण्यात मी तिला एकदाच पाहिलं, मामाच्या लग्नात, मोठ्या परातीपुढे. लचका काढला आणि चुलीत टाकला. मी सहा वर्षांची. विचारलं, कुणाला? म्हणाली, "होता एक."

आमचं रोजच्या ओळखीचं होतं ते मलिद्याचं ताट. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू संदेष्टा, त्याच्या नावाने. ते सगळे मिळून खातात. इथे आल्यावर शेजारणींनी मला खला शिकवली, मी त्यांना मलिदा. अजून कुणाला पोहे नीट भिजवता येत नाहीत, लगदा करतात.

निरीश्वर

"होता एक" यावर मी वाद घालणार नाही. मिश्नातल्या ओळीवरचा आक्षेप कायम आहे.

रेवदंड्याची_लेक

असू दे. माझाही आहे.

पापुद्रा

एक राहिलं : ते तिघे. मी काल आजोबांना मोडक्या हिब्रूत विचारलं. ते म्हणाले, गोळा कशाने पवित्र झाला? हाताने नाही, तिने "हारे झो खला" म्हटलं त्याने. ही बघा, ही खला. शब्दाने बांधलं ते नवसासारखं असतं आणि शब्दानेच सोडवता येतं. फक्त बांधायला एकटी पुरते, सोडवायला तीन लागतात.

तर काल गुरुवार. आजींनी परत बोलावलं, मला वाटलं नव्हतं. मळायचं काम माझं, लचका अर्थातच त्यांचा, तो ज्यूच काढू शकतो. या वेळी त्यांनी लचका हातात घेऊन मला दाखवला, लिंबापेक्षा छोटा. "हिशेब," म्हणाल्या आणि हसल्या. मग फॉइलमध्ये गुंडाळून चिमट्याने गॅसवर धरला. फॉइल आधी निळसर झालं, मग काळं. पाव करपल्याचा वास आला, अगदी खमंग, भूक लागेल असा. बराच वेळ धरला तरी आतून पांढरा निघाला, म्हणून परत धरला. त्या दमल्यावर चिमटा माझ्या हातात दिला.

लेकीचा खोकला थांबलाय. औषधाने.

अष्टागर

छान धागा. त्या अडीच किलोला यीस्ट किती?

पापुद्रा

कोरडं यीस्ट तीन मोठे चमचे. मीठ यीस्टवर थेट टाकू नका, पिठात मिसळून मग. विणायचं नंतर, आधी लचका.